मुरूम उपसलेल्या वावरात पुन्हा पीक घ्यायचंय, जिवाणू खतांचा कितपत उपयोग?

सावनेरचा सागर

नमस्कार मंडळी.

सावनेर तालुक्यात आमचं वावर आहे. त्यातल्या दीड एकरातून रस्त्याच्या कामासाठी मुरूम उचलला गेला. वरची काळी माती बाजूला ठेवायची आणि काम संपलं की परत पसरून द्यायची, असं कंत्राटदाराशी बोलणं झालं होतं. ती माती परत आली नाही. आता तिथे पुरुषभर खोल सपाट तळ आहे. डंपर फिरून फिरून तो इतका घट्ट झालाय की पहार आदळली तर ठिणगी उडते. पावसाळ्यात पाणी साचतं, दिवाळीनंतर भेगासुद्धा पडत नाहीत, नुसता तवा तापतो. मागच्या खरिपात पऱ्हाटी (कपाशी) टोबली होती. वीतभर झाली, पानं लाल पडली आणि तिथेच थांबली.

कृषी केंद्रवाले म्हणतात, अॅझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि मायकोरायझा असा संच येतो, तो टाका, वर्षात माती तयार होते. बाबा म्हणतात, पैसे घालवू नको, शेततळं करून टाक. मला ती जमीन पिकवायची आहे. ती आजोबांनी घेतलेली आहे.

खाणीच्या जमिनींवर जिवाणू वापरून झाडं-पिकं घेतली आहेत असं ऐकून आहे. कोणी पाहिलंय का? कोणते जिवाणू, कशावर, कधी?

मृदगंध

सागर, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून लांब लिहिते आहे.

जिवाणूंचा उपयोग होतो. पण उघड्या मुरमावर नुसते ओतले तर होत नाही. मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला खडक. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली आला की आपण कमी समजतो, मुरमात तर तो जवळजवळ नसतोच. अॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो हे खरं, पण त्या कामाला अतोनात ऊर्जा लागते आणि ती त्याला सेंद्रिय पदार्थातूनच मिळवावी लागते. कर्ब नसेल तर तो काही दिवसांत उपासमारीने मरतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून स्फुरद मोकळं करतात. ती आम्लं बनवायलाही कर्बच हवा. रायझोबियमला शेंगवर्गीय पिकाचं मूळ लागतं. आणि मायकोरायझा ही तर बुरशी आहे, जिवंत मुळाच्या आत शिरल्याशिवाय ती वाढतच नाही. बाटलीत, डब्यात, ड्रममध्ये तिची संख्या वाढत नाही.

तुमच्या तालुक्यातच याचं मोठं उदाहरण आहे. मॉईल या सरकारी मँगनीज कंपनीच्या गुमगाव खाणीवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काम केलं. खाणीतून निघालेल्या टाकाऊ ढिगांवर गवतही धड येत नव्हतं. तिथे त्यांनी साखर कारखान्यातला प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मिसळला, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा दिले, आणि साग, शिसू, कडुनिंब अशी झाडं लावली. जिवाणू निवडले तेही अशा कठीण जागेत तग धरणारे. प्रेसमड, जिवाणू आणि झाड ही तिन्ही एकाच खड्ड्यात, एकाच वेळी गेली. माझ्या मते त्या कामाचा जीव इथेच आहे. लोक 'जिवाणूंनी खाण हिरवी केली' एवढंच सांगतात आणि प्रेसमड विसरतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गुमगावला झाडं लावली होती, धान्य नाही. झाडाला वर्षानुवर्षं वेळ असतो. तुम्हाला पीक हवंय, म्हणजे त्याआधीची पायरी वेगळी लागेल.

वणीचा वाटसरू

आमच्याकडे कोळशाच्या ओबीचे डोंगर आहेत. ओबी म्हणजे कोळशाच्या वरची माती, वालुकाश्म, शेल, सगळं एकत्र करून टाकलेलं. वरून काळ्या मातीचा थर दिलेले ढीगही पाहिले. पहिल्या पावसात घळी पडतात आणि ती माती खालच्या वावरात उतरते. म्हणून माझं म्हणणं असं की आधी पाणी बघा. माती जागेवर थांबली नाही तर जिवाणू कुठे थांबणार?

ज्या ढिगांवर आधी गवत आलं तिथे पुढे झाडं टिकली. जिथे थेट झाडं लावली तिथे निम्मी वाळली. हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

एक प्रश्न पडतो. वरची माती जपून वेगळा ढीग करून ठेवतात, पुढे कधीतरी पसरतात, तरी त्यात काही नीट येत नाही. असं का?

मृदगंध

वाटसरू, कारण तो ढीग उंच असतो आणि जुना होतो. आत हवा जात नाही, जिवंत मुळं उरत नाहीत. मुळं गेली की मायकोरायझाचं जाळं तुटतं आणि बीजाणूही हळूहळू निकामी होतात. रंग काळाच राहतो, म्हणून ती चांगली वाटते. मातीचा ढीग बुटका ठेवावा, त्यावर लगेच गवत किंवा शेंगवर्गीय पीक पेरावं आणि शक्य तितक्या लवकर ती परत पसरावी.

सागर, तुमची काळी माती कंत्राटदाराकडून आता मिळाली तरी ती पहिल्यासारखी समजू नका. तिलाही पेरूनच जागं करावं लागेल.

डिचोलीकर

गोव्याहून लिहितो आहे. आमच्याकडे लोहखनिज काढताना उरलेल्या दगडमातीला रिजेक्शन म्हणतात. त्याचे ढीग डिचोली, सत्तरी, सांगेत सगळीकडे आहेत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीजची नूतनीकरणं रद्द केली. या सगळ्या काळात ढीग मात्र तिथेच आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांची लाल माती ओहळातून भातशेतीत उतरते. शिरगावच्या शेतांची गोष्ट गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

आमची अडचण सागर यांच्या उलट आहे. त्यांची माती गेली, आमच्या मातीवर दुसरी येऊन बसली. हा गाळ इतका बारीक असतो की सुकल्यावर त्याची पपडी धरते आणि भाताच्या मुळाला हवा मिळत नाही. लोह इतकं की पानं तांबूस होतात. आणि जे स्फुरद घालावं ते लोहाला चिकटून बसतं. इथे मायकोरायझा कामाची आहे असं वाचलं. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने खाणींच्या जागी सापडणाऱ्या मायकोरायझावर पुष्कळ अभ्यासही केला आहे. पण भाताच्या तुंबलेल्या पाण्यात ती चालते का?

ढिगांवर पूर्वी ऑस्ट्रेलियन आकेशिया लावला. तो तगला, कारण त्याच्या मुळावर नत्राच्या गाठीही येतात आणि मायकोरायझाही. पण त्याच्या जाड पाल्याचा थर लवकर कुजत नाही आणि खाली दुसरं काही फारसं रुजत नाही. डोंगर हिरवा दिसला म्हणजे जमीन बरी झाली असं मी मानत नाही. त्या जमिनीतून काजू, नाचणी, आळसांदे (आमच्याकडची चवळी) मिळायला हवेत. आमच्या गावांना तेच हवंय.

मृदगंध

डिचोलीकर, तुमचा शेवटचा परिच्छेद मला फार पटला.

पाणी तुंबलेल्या भातात मायकोरायझा मंदावते. तिला हवा लागते. सरदाच्या (पावसाळी) भातासाठी तिच्यावर पैसे खर्च करू नका. तिथे अॅझोला, निळं-हिरवं शेवाळ, अॅझोस्पिरिलम यांचा जास्त फायदा. पण भात कापल्यावर त्याच ओलीवर तुम्ही आळसांदे करता ना, तेव्हा शेत मोकळं आणि हवेशीर असतं. मायकोरायझा आणि चवळीगटाचं रायझोबियम तेव्हा द्या.

ती काम कशी करते तेही सांगते, म्हणजे कुठे वापरायची ते आपोआप कळेल. स्फुरद मातीत जवळजवळ हलतच नाही. मूळ आपल्या अगदी लगतचं स्फुरद ओढून घेतं आणि भोवती रिकामा पट्टा तयार होतो. बुरशीचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक असतात. ते तो पट्टा ओलांडून पुढे जातात, जिथे मूळ शिरू शकत नाही अशा फटीतून स्फुरद, जस्त आणि थोडं पाणीही आणतात. बदल्यात पीक त्यांना साखर देतं. दुसरं काम माझ्या लेखी खाणीच्या जमिनीत जास्त मोलाचं आहे. हे तंतू मातीचे कण बांधून त्यांचे दाणे करतात. त्यात ग्लोमॅलिन नावाच्या चिकट प्रथिनाचा वाटा असल्याचं अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या सारा राइट यांनी १९९६ मध्ये पुढे आणलं. दाणे झाले की हवा खेळते, पाणी मुरतं. मुरमाच्या भुग्याची माती होण्याची ही सुरुवात असते.

दोन पथ्यं. डीएपीसारखं स्फुरदाचं खत भरपूर घातलं की पीक बुरशीला मुळात घेत नाही, कारण त्याला तिची गरज उरत नाही. आणि मोहरी, कोबी, पालक, राजगिरा या कुळांत मायकोरायझा जवळपास होतच नाही. पहिलं पीक म्हणून ती नकोत.

देशी बियाणं

एवढं सगळं विकत कशाला आणायचं? २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. जीवामृत करा, महिन्याला द्या. आमच्या हलक्या जमिनीत गांडुळं परत आली.

मृदगंध

तुमच्या जमिनीत आली, यावर माझा विश्वास आहे. तुमची जमीन हलकी असली तरी ती माती होती. पालापाचोळा होता, तण होतं, मुळं होती. जीवामृतातून जिवाणू आणि त्यांना थोडं खाद्य जातं. आच्छादनावर दिलं तर चांगलंच. पण दोन गोष्टी त्यातून होत नाहीत. मायकोरायझा त्या ड्रममध्ये वाढत नाही. आणि दीड एकर मुरमाला जेवढा सेंद्रिय पदार्थ लागतो, त्यापुढे १० किलो शेण आणि २ किलो गूळ फार थोडे आहेत.

देशी बियाणं

आच्छादनाशिवाय देऊ नये, हे मलाही मान्य. पण शेतकऱ्याच्या घरात जे आहे त्यातून सुरुवात व्हावी असं मला वाटतं. डबे, पाकिटं आणून देणारा उद्या भाव वाढवतो.

आखेनची अनघा

मी जर्मनीत आखेनला राहते. आमच्या शेजारीच इंडेन, हामबाख आणि गार्त्सवायलर या लिग्नाइटच्या प्रचंड उघड्या खाणी आहेत. तिथे खाण पुढे सरकते तशी मागची जागा भरून शेतीला परत देतात. ते कसं करतात ते लिहिते, कारण तिथला क्रम शिकण्यासारखा आहे.

लोएस नावाची वाऱ्याने आणलेली बारीक सुपीक माती खोदतानाच वेगळी काढतात आणि भरावावर साधारण दोन मीटर जाडीचा तिचा थर देतात. अवजड यंत्रं त्यावर फिरणार नाहीत याची काळजी घेतात. मग पहिली तीनेक वर्षं फक्त लसूणघास, म्हणजे लुसर्न. त्याची मुळं खोल जातात, गाठींतून नत्र येतो, पाला तिथेच जिरवतात. त्यानंतर धान्य. सुरुवातीची सुमारे सात वर्षं ती जमीन खाण कंपनीच्या देखरेखीखाली कसली जाते, शेतकऱ्याच्या हातात नंतर जाते.

इथल्या उत्तम मातीला, एवढ्या पैशाला आणि यंत्रांना जर इतका वेळ द्यावा लागतो, तर सावनेरच्या शेतकऱ्याला कोणी 'वर्षात माती' म्हणून काही विकणं मला अन्यायाचं वाटतं. आणि ती पहिली बिनउत्पन्नाची वर्षं आपल्याकडे शेतकरी एकटा काढतो. त्याचा खर्च मुरूम नेणाऱ्याने उचलायला हवा.

डिचोलीकर

अनघाताई, अगदी खरं. कायदा आपल्याकडेही आहे. लोहखनिज, मँगनीज अशा खनिजांसाठी २०१७ च्या नियमांत वरची माती वेगळी काढून जपायची आणि पुनर्भरणाला वापरायची अट आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत उगवून ती चारा आणि वनस्पती-प्राण्यांसाठी योग्य करण्याची अट लीजमध्ये घालायला सांगितलं. गावसभेत हे विचारत राहायला हवं.

वर्धेची रेवा

मी शेतकरी गटांबरोबर काम करते. सागरदादा, तुमच्या दीड एकराचा विचार करून लिहिते.

उन्हाळ्यात सबसॉयलरने (खोलवर जमीन फोडणाऱ्या ट्रॅक्टरच्या अवजाराने) किंवा जेसीबीच्या दाताने तळ फोडून घ्या. हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया. एका कोपऱ्यातून पाणी बाहेर पडायला वाट द्या. बाबांचं शेततळं तिथेच, सगळ्यात खोलगट कोपऱ्यात करा, म्हणजे त्यांचंही म्हणणं राहील आणि रब्बीला एखादं पाणी मिळेल.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे. जवळच्या तलावातला गाळ मिळत असेल तर चौकशी करा. गाळात कर्ब असतो आणि पाणी धरायची ताकद असते. सोबत मिळेल तेवढं कुजलेलं शेणखत. सगळीकडे पातळ पसरण्याइतका माल नसेल तर पहिल्या वर्षी अर्धा एकरच घ्या आणि तो नीट करा.

पहिल्या खरिपात ताग. एकरी २० ते २५ किलो बियाणं. फुलं दिसायला लागली, म्हणजे साधारण दीड महिन्यात, की गाडून टाका. ओल असेल तर त्याच जागी कुळीथ किंवा चवळी. जिवाणू या पिकांच्या बियाण्याला लावा, जमिनीवर शिंपडू नका. गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात पाकीट कालवायचं, बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी ते, जिवाणू सगळ्यात शेवटी.

पाकिटावर पिकाचं नाव बघा. हरभऱ्याचं रायझोबियम चवळीला चालत नाही, सोयाबीनचं हरभऱ्याला नाही. जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत. पावडरमधल्या रायझोबियम, अॅझोटोबॅक्टरसारख्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असायला हव्यात, द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी. अंतिम तारीख बघा आणि दुकानात ते पाकीट उन्हात तर पडलेलं नव्हतं ना, तेही बघा.

चवळी फुलावर आली की दोन-चार झाडं मुळासकट हळूच खणून काढा. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

मृदगंध

रेवा, फार नेमकं लिहिलंत. देशी बियाणं यांच्या मुद्द्यासाठी एक भर घालते. मायकोरायझा घरीही वाढवता येते. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात वाळू आणि माती भरा. धुऱ्यावरच्या जुन्या पळसाच्या, खैराच्या किंवा कुसळी गवताच्या बारीक मुळांसकट माती आणून त्यात मिसळा. त्यावर ज्वारी किंवा मका पेरा, तीनेक महिने वाढू द्या, मग पाणी तोडा, वरचं कापा आणि मुळं बारीक करून त्या मातीसकट बियाण्याखाली घाला. तिथली बुरशी तिथल्या उन्हाला आणि कोरडेपणाला सरावलेली असते. मी तरी आधी हीच वापरेन. तुरीला मर लागलेल्या वावरातली माती मात्र चुकूनही घेऊ नका, रोगही सोबत येतील.

वणीचा वाटसरू

हे सगळं खरं, पण खायचं काय त्या जमिनीतलं? आमच्या बाजूला लोक डंपच्या पायथ्याला भाजी लावतात. जिवाणू जड धातू खाऊन टाकतात असं कुठेतरी वाचलं होतं.

मृदगंध

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. धातू हे मूलद्रव्य आहे, जिवाणू ते खाऊन संपवू शकत नाहीत. काही जिवाणू त्याचं रूप बदलतात. ओडिशातल्या सुकिंदाच्या क्रोमाइट पट्ट्यात विषारी षट्‌संयुजी क्रोमियमचा प्रश्न आहे. त्याचं कमी घातक रूपात रूपांतर करणारे जिवाणू असतात, पण क्रोमियम जमिनीतच राहतं. मायकोरायझा काही पिकांत धातू मुळाशी अडवते, तर काही ठिकाणी उलट जास्त आत येतो. धातू, पीक आणि मातीचा सामू (आम्ल-विम्लपणा) यांवर ते ठरतं, म्हणून आधी खात्री देता येत नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात. त्यात लोह, मँगनीज, जस्त, तांबं येतं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक येत नाही. पत्रिका चांगली आली म्हणजे जमीन विषमुक्त, असं समजू नका. ओबी किंवा धातूच्या खाणीच्या पायथ्याला असाल तर या धातूंची वेगळी तपासणी करून घ्या, आणि तोवर पालेभाजी लावू नका. पाल्यात धातू दाण्यापेक्षा जास्त साठतो. चारा लावला तरी धातू दुधात उतरू शकतो हे लक्षात ठेवा. अशा जागी बांबू, शिसू ठीक.

सागर यांचा साधा मुरूम आहे, त्यामुळे इतकी भीती नाही. पण तुमचा भाग मँगनीजच्या पट्ट्यातला आहे, तेव्हा एकदा तपासाच.

सावनेरचा सागर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. शेततळ्याच्या कोपऱ्यावर त्यांची मान हलली.

ठरलं ते असं. कृषी केंद्राचा संच घेत नाही. नमुना तपासायला देतो, धातूंसकट. अर्धा एकर आधी फोडून घेतो, गाळासाठी ग्रामपंचायतीत अर्ज देतो. गुरं आहेत, शेणखत घरचं आहे. धुऱ्यावर तीन जुने पळस आहेत, तिथली माती घेऊन ज्वारीचा खड्डा आत्ताच लावतो, म्हणजे पेरणीपर्यंत तयार होईल. वाटसरूदादा म्हणतात तसं वरच्या बाजूने गवताचा पट्टाही लावतो, वरून येणारं पाणी तिथे अडेल.

एक विचारायचं राहिलं. तागानंतर दुसऱ्या वर्षी पऱ्हाटी घेतली तर चालेल का? घरात सगळ्यांना तीच हवी आहे.

वर्धेची रेवा

पऱ्हाटीची घाई नको, दादा. तिला खोल माती आणि सलग ओल लागते. दुसऱ्या वर्षी तूर आणि ज्वारी घ्या. ज्वारीची मुळं मायकोरायझा चांगली वाढवतात, तुरीचं मूळ फोडलेल्या तळात खाली उतरतं आणि पाला तिथेच गळतो. ज्वारी-तुरीची धसकटं उपटू नका, जाळू तर अजिबात नका. दोन्हींनी अंग धरलं तर तिसऱ्या वर्षी चार ओळी पऱ्हाटीच्या टोबून बघा.

गाळाच्या अर्जासोबत सातबारा लागेल. जेसीबीचा दर ठरवताना तासावर ठरवा, एकरावर नको. मुरूम फोडायला वेळ लागतो आणि एकरावर ठरवलं की वरवर ओरखडून निघून जातात.